लेनापे लोकांचा ‘मण्यांचा कातडी ड्रेस’: खरा किती, आणि बनायचा कसा?

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीला चौथीत लेनापे या इथल्या मूळ रहिवाशांवर प्रोजेक्ट आलाय. इंटरनेटवर शोधलं की झालरी सोडलेला, छातीवर निळ्या-पांढऱ्या मण्यांचं भरगच्च काम असलेला कातडी झगा ‘लेनापे ड्रेस’ म्हणून समोर येतो. तो खरा का? असे कपडे बनवत कसे? क्राफ्टच्या दुकानातून चामडं आणून घरी छोटासा नमुना करता येईल का? आणि जाता जाता: शेजारच्या आजींकडे मणीकामाची एक जुनी पिशवी आहे, ती हलक्या हाताने धुतली तर चालेल का?

शेवटचं आधी सांगते, कारण ते तातडीचं आहे. धुऊ नका. पुसूही नका. कारणं शेवटी येतील.

माझं काम जुनी कातडी आणि मणीकाम सांभाळण्याचं. या वस्तू रोज हातात घेऊन वीसेक वर्षं झाली. त्यामुळे फोटोतला तो झगा पाहिल्यावर माझी नजर मण्यांकडे जातच नाही, ती झालरीकडे आणि खांद्याच्या शिवणीकडे जाते. दोन अख्खी कातडी खांद्यावर जोडून, छातीचा भाग मण्यांच्या पट्ट्यांनी मढवून केलेला झगा ही मैदानी प्रदेशातल्या जमातींची रीत. म्हणजे लकोटा, शायेन वगैरे, इथून हजार-दीड हजार मैल पश्चिमेला. आणि तेही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलं. सिनेमांनी आणि पॉववॉवच्या, म्हणजे मूळ अमेरिकनांच्या नाच-मेळाव्यांच्या, फोटोंनी तो सगळ्या मूळ अमेरिकनांचा गणवेशच करून टाकलाय. न्यू जर्सीच्या लेनापे बाईच्या अंगावर तो घालणं म्हणजे कोळणीला राजस्थानी घागरा नेसवून ‘महाराष्ट्राचा पारंपरिक पोशाख’ म्हणण्यासारखं झालं.

मग लेनापे काय घालत? आधी ही माणसं कोण ते दोन वाक्यांत, कारण प्रोजेक्टमध्ये ते लागेलच. आजचं न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया, डेलावेअरचा उत्तर भाग आणि न्यूयॉर्कचा दक्षिण भाग मिळून त्यांचा मुलूख, लेनापेहोकिंग. मॅनहॅटन, हॅकेनसॅक, पसेइक, रॅरिटन आणि तुमचं पार्सिपनीसुद्धा, ही नावं त्यांच्याच भाषेतून आलेली. इंग्रजांनी लॉर्ड डे ला वॉर या गव्हर्नराच्या नावावरून नदीला डेलावेअर म्हटलं आणि नदीचं नाव माणसांना चिकटलं.

बायकांचा मुख्य कपडा म्हणजे कमरेला गुंडाळायचं कातडं, साधारण गुडघ्यापर्यंत, एका बाजूला उघडणारं. पुरुषांना लंगोटासारखा पट्टा, आणि थंडीत किंवा काट्याकुट्यांतून जाताना पायांना वेगवेगळे चढवायचे कातडी पायमोजे. उन्हाळ्यात कमरेच्या वर बहुतेक काही नाही. हिवाळ्यात अस्वल, बीव्हर, रॅकून यांची लवेसकट कातडी पांघरायची, लव आतल्या बाजूला. आणि श्रीमंती दाखवायची तर टर्कीच्या पिसांचा अंगरखा: बारीक जाळीवर पिसं अशी बांधत जायची की जाळी दिसतच नाही, कौलांसारखी एकावर एक पिसंच दिसतात. 1524 मध्ये व्हेराझानो न्यूयॉर्कच्या खाडीत शिरला तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या अंगावरची रंगीबेरंगी पिसंच त्याने टिपून ठेवली.

हे सगळं आपल्याला प्रवाशांच्या लिखाणातून कळतं. प्रत्यक्ष कपडे जवळजवळ नाहीत. इथली माती आंबट. तिच्यात कातडं टिकत नाही, शिंपल्याचा मणी किंवा काचेचा मणी तेवढा उरतो. मणी सापडतो तो कशावर शिवला होता हे सांगणारं काहीच उरत नाही. त्या काळच्या कामाची कल्पना यावी म्हणून मी शिकणाऱ्यांना नेहमी एका शेजारच्या वस्तूकडे पाठवते: ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातलं ‘पोव्हाटनचं आवरण’. ते व्हर्जिनियाचं आहे, लेनापेंचं नाही, पण भाषाकुळ एकच, अल्गोंकियन. 1656 च्या एका छापील यादीत त्याची नोंद आहे. हरणाची चार कातडी एकत्र शिवलेली, आणि त्यावर छोट्या पांढऱ्या शंखांनी काढलेली एक मानवाकृती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन जनावरं आणि भोवती 34 गोल. काचेचा एकही मणी नाही. सगळं शंखांचं, सगळं तातीने, म्हणजे जनावराच्या पाठीतून काढलेल्या चिवट धाग्याने, शिवलेलं. ‘मण्यांचं कातडी काम’ हे शब्द सतराव्या शतकासाठी वापरायचे तर डोळ्यांसमोर हे आणा.

आता कातड्याकडे येते. इथे मी रेंगाळणार आहे, कारण लोक मण्यांचं कौतुक करतात आणि ज्यावर मणी बसलेत त्या कातड्यामागचे आठ दिवस कोणी विचारत नाही.

हरीण तेच, पांढऱ्या शेपटीचं, जे आजही तुमच्या परसातली फुलझाडं खाऊन जातं. कातडं सोलल्यावर ते कमरेएवढ्या उंचीच्या तिरक्या, गुळगुळीत ओंडक्यावर टाकायचं आणि आतलं मांस-चरबी खरवडून काढायची. मग लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजत ठेवायचं. राख किती? हल्ली शिकवणारे एक युक्ती सांगतात: पाण्यात अंडं सोडायचं. ते तरंगून वर नाण्याएवढा भाग उघडा दिसला की पाणी बरोबर. दोन-चार दिवसांत कातडं फुगतं, केस हाताने ओढले तरी सुटतात.

आणि इथे खरी मेख आहे. केस काढून थांबायचं नसतं. केसांखालचा जो गुळगुळीत थर असतो, ज्याला आपण बुटाच्या चामड्याची ‘चांगली बाजू’ म्हणतो, तोही पूर्ण खरवडून टाकायचा. हत्यार म्हणजे हरणाच्याच पायाच्या नळीचं हाड किंवा दगडाची धार. थर अर्धवट राहिला की तिथे पुढचं औषध आत मुरत नाही आणि तो ठिपका कायमचा कडक राहतो. ओला असताना तो थर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, हाताला मात्र कळतो: निघालेला भाग खरखरीत, राहिलेला भाग बुळबुळीत. म्हणूनच अस्सल काम दोन्ही बाजूंनी मखमली असतं, त्याला सुलट-उलट अशी बाजू नसते.

मग वाहत्या पाण्यात ठेवून राख धुऊन काढायची, आणि मेंदू. होय, हरणाचाच मेंदू, कोमट पाण्यात कालवून. कातडं कमावणारे म्हणतात की प्रत्येक जनावराच्या डोक्यात स्वतःचं कातडं कमावण्यापुरता मेंदू असतो, आणि ते हिशेबाने खरंच जुळतं. मेंदूतली चरबी पाण्यात एकजीव होते, कारण तिच्याबरोबर लेसिथिन असतं. अंड्याच्या बलकातही तेच असतं, म्हणून आता बरेचजण डझनभर अंडी वापरतात. हरणांमध्ये मेंदूचा एक संसर्गजन्य रोग पसरलाय, त्यामुळे मी तर अंडीच सुचवते. ही चरबी तंतूंच्या मध्ये जाऊन बसते आणि वाळताना ते एकमेकांना चिकटत नाहीत.

पण ती बसायला हवी. कातडं खांबाला गुंडाळून त्यात काठी अडकवून पिळायचं, श्रीखंडाचा चक्का पिळतो तसं, फक्त दहापट जोराने. परत मेंदूत बुडवायचं, परत पिळायचं. त्यानंतर ताणायला सुरुवात. दोघींनी दोन टोकं धरून ओढायचं, दोरावर घासायचं, खुंटाच्या टोकावरून फिरवायचं, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं नाही. चार तास, सहा तास, हवेवर अवलंबून. माझं पहिलं कातडं मी पाचव्या तासाला ‘झालं आता’ म्हणून टेबलावर टाकलं आणि जेवायला गेले. परत आले तर मानेजवळचा तळहाताएवढा भाग पापडासारखा कडक झाला होता. बाकी सगळं फलालीनच्या कापडासारखं मऊ आणि मध्ये तो पापड. पुन्हा भिजवून सगळं पहिल्यापासून.

शेवटची पायरी धूर. दोन कातडी कडेने टाचून पिशवी करायची, उलटी टांगायची आणि खाली कुजकं, भुसभुशीत लाकूड नुसतं धुमसवायचं. ज्वाळा उठली की संपलं, कातडं आक्रसतं आणि परत येत नाही. धुरातली रसायनं कातड्याच्या प्रथिनांना आतून बांधून टाकतात. त्याचा फायदा असा की धुरी दिलेलं कातडं पावसात भिजलं तरी वाळल्यावर थोडं चोळलं की पुन्हा मऊ होतं. धुरी न दिलेलं पांढरंशुभ्र कातडं दिसतं सुंदर, पण एकदा भिजलं की गेलं. रंग लाकडावर आणि वेळेवर: तुपाच्या बेरीपासून कडक चहापर्यंत. आणि वास! शंभर वर्षं जोडा ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडलं तरी चुलीजवळ बसल्यासारखं वाटतं.

आपल्याकडच्या वाचकांनी हे कोल्हापुरी चपलेच्या चामड्यापासून वेगळं ओळखावं. तिथे बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात चामडं मुरवतात, सालीतला तुरट अर्क ते घट्ट आणि जड करतो, तळव्याला तेच हवं. लेनापे कातड्यात तुरट काही नाही, फक्त चरबी आणि धूर. आणखी एक फरक मला पहिल्यापासून टोचत आलाय. आपल्याकडे कातडं कमावणारे ढोर वेगळे, शिवणारे चांभार वेगळे, आणि दोघांनाही गावाच्या कडेला ढकललेलं. लेनापेंमध्ये शिकार पुरुषाची, पण कमावणं, कापणं, शिवणं, नक्षी हे सगळं घरातल्या बाईचं. कुळही आईकडून चालायचं: कासव, लांडगा, टर्की ही तीन कुळं. कातड्याला हात लावल्याने कोणी कमी होत नव्हतं, उलट ज्या घरचं कातडं मऊ त्या घरच्या बाईचं नाव.

शिवण तातीची. हरणाच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंनी हातभर लांबीचे चकचकीत पट्टे निघतात. ते वाळवून नखाने चिरत गेलं की हवा तेवढा बारीक धागा मिळतो. तोंडात धरून ओला करायचा, मांडीवर वळायचा, टोक मात्र कोरडं ठेवायचं, तीच सुई. हाडाच्या आरीने भोक पाडायचं आणि ते ताठ टोक आत सरकवायचं. ओली तात वाळताना आक्रसते, त्यामुळे टाका आपोआप आवळला जातो. गाठ मारायचीही गरज पडत नाही कित्येकदा.

या सगळ्याची परीक्षा पाहायची तर जोडा पाहा. लेनापे मोकॅसिन मऊ तळव्याचा, कातड्याच्या एकाच तुकड्यातून. पायाच्या वर मधोमध एक शिवण बोटांपासून घोट्याकडे जाते आणि बोटांच्या पुढचं जादा कातडं तिच्यात चुण्या घालत ओढून घेतलेलं असतं. मोदकाच्या कळ्या पाडता येणाऱ्या बाईला ही रचना एका नजरेत कळेल: कळ्या एकसारख्या आणि जवळजवळ पडल्या तरच टोक सुबक येतं. घोट्याजवळ दोन पाती बाहेर दुमडलेली. नक्षी असते ती त्या पात्यांवर आणि मधल्या शिवणीवर. तळव्याला काही नाही, तो झिजणारच.

काचेचे मणी येण्याआधी ही नक्षी कशाची? एक, सायाळीच्या काट्यांची. इथली सायाळ आपल्या सह्याद्रीतल्या सायाळीपेक्षा वेगळी. तिचे काटे बोटाएवढे, पोकळ, पांढरे आणि टोकाला काळे. आपल्याकडचे काटे लेखणीसारखे जाड, त्यांचा इथे उपयोग नाही. काटा ओला करून दातांत किंवा नखांत दाबून चपटा करायचा आणि तातीच्या दोन ओळींच्या मध्ये पुढे-मागे दुमडत न्यायचा. काटा कातड्याला भोक पाडतच नाही, तात त्याला धरून ठेवते. लाल-केशरी रंग ब्लडरूट नावाच्या झाडाच्या मुळाचा, गडद तपकिरी काळ्या अक्रोडाचा.

दोन, शिंपल्याचे मणी, म्हणजे वाम्पम. पांढरा मणी व्हेल्क नावाच्या मोठ्या शंखाचा, जांभळा क्वाहॉग शिंपल्याच्या कडेचा. जर्सीच्या किनाऱ्यावर हॉटेलात तुम्ही तोच शिंपला सूपमध्ये खाल्ला असेल. नळीसारखा मणी, साधारण 6 मिलिमीटर लांब आणि 3 जाड, त्यात आरपार भोक. दगडी टोकाने एवढं बारीक भोक पाडणं फार कठीण, म्हणून अशा नळ्या खऱ्या अर्थाने वाढल्या त्या युरोपियनांकडून लोखंडी टोकं मिळाल्यावर. ‘इंडियनांचे पैसे’ म्हणून त्यांची ओळख करून देतात ते मला पटत नाही. वाम्पम मानाचं, कराराचं, शोकाच्या वेळी देण्याचं होतं. नाण्यांचा तुटवडा होता तो डच आणि इंग्रज वसाहतींना, आणि त्याचा चलन म्हणून वापर त्यांनी वाढवला. पुढे बर्गन काउंटीत पास्कॅकला, आजच्या पार्क रिजमध्ये, कॅम्बेल नावाच्या गोऱ्या कुटुंबाने भोकं पाडायचं यंत्रच बसवलं आणि एकोणिसाव्या शतकात तिथून शंखाचे लांब मणी पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना जात. मैदानी योद्ध्यांच्या छातीवरचे ते पांढरे नळ्यांचे पट्टे फोटोत दिसतात ना, त्यातल्या जुन्या शंखाच्या नळ्यांपैकी कित्येक पार्सिपनीपासून तासाभराच्या अंतरावर घडलेल्या.

आता काच. पहिली गोष्ट: ‘24 डॉलरच्या मण्यांना मॅनहॅटन विकलं’ हे मुलीच्या प्रोजेक्टमध्ये लिहू देऊ नका. 1626 च्या ज्या डच पत्रावर ती कथा उभी आहे त्यात 60 गिल्डर किमतीला बेट घेतलं एवढंच म्हटलंय, मण्यांचा उल्लेखही नाही. काचेचे मणी आले हे खरं, व्हेनिसचे, ॲमस्टरडॅमचे, पुढे बोहेमियाचे. पण सतराव्या शतकातले बरेचसे मणी मोठे, गळ्यात-कानात ओवायचे. मोहरीएवढ्या मण्यांनी पृष्ठभाग भरून काढायचं काम फार पुढे, एकोणिसाव्या शतकात बहराला आलं.

आणि गंमत अशी की तोवर लेनापेंनी कातडं बरंचसं सोडलं होतं. 1735 मध्ये गुस्ताव्हस हेसेलियस या चित्रकाराने पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या मालक पेन कुटुंबासाठी दोन लेनापे प्रमुखांची चित्रं काढली, तिशकोहान आणि लापोविन्सा. मुलीला ती चित्रं जरूर दाखवा. कपडे म्हणाल तर खांद्यावर निळं लोकरी ब्लँकेट, व्यापारातून आलेलं. कातडं दिसतं ते गळ्यात लटकवलेल्या खारीच्या छोट्याशा पिशवीचं. दोनच वर्षांनी, 1737 मध्ये, ‘वॉकिंग पर्चेस’ नावाच्या, लेनापेंची जमीन बळकावणाऱ्या लबाडीच्या कागदावर याच दोघांची खूण घेतली गेली. कपड्याचं कारण सोपं होतं: हरणाच्या कातड्याला बाजारात भाव, आणि ओलं कातडं अंगाला गार चिकटून राहतं, तासन्‌तास वाळत नाही. ओली लोकर ऊब देते, आणि तिच्यात सुई लोण्यासारखी जाते. त्या काळच्या लेनापे बाईने सहा तास कातडं ताणायचं टाळलं तर मी तिला दोष देणार नाही, मी ते केलेलं आहे.

म्हणजे तुमच्या प्रश्नातले ‘कातडी’ आणि ‘मण्यांचा’ हे दोन शब्द बहुतेक वेळा एका कपड्यावर भेटतच नाहीत. भेटतात ते मोकॅसिनच्या पात्यांवर, छोट्या पिशव्यांवर. भरगच्च मणीकाम गेलं कापडावर. त्याचं शिखर म्हणजे खांद्यावरून तिरकी घ्यायची बँडोलियर पिशवी, साधारण 1850 ते 1870 मधली. तोवर लेनापेंना ओहायो, इंडियाना, मिसूरी करत कॅन्ससला ढकललेलं होतं, आणि 1867 च्या सुमारास तिथूनही ओक्लाहोमाच्या बाजूला. पिशवीचा साचा युरोपियन सैनिकांच्या काडतुसांच्या पिशवीचा. पण त्यावरचं काम! लाल-निळी लोकर, रेशमी फितीच्या कडा, आणि मण्यांनी भरलेले मोठे, गोलाकार, झाड म्हणावं की पान की आणखी काही असे आकार. रुंद पट्ट्याच्या दोन अर्ध्यांवर दोन वेगळ्या नक्षी. डावी-उजवी जुळवायची नाही, हे मुद्दाम. वाटेत भेटलेल्या कितीतरी जमातींचं पाणी त्यात उतरलंय, तरी चार पिशव्यांत लेनापे पिशवी वेगळी ओळखू येते.

टाका कसा? दोन दोरे. एका दोऱ्यात मणी ओवून तो नक्षीच्या रेषेवर आडवा ठेवायचा, दुसऱ्या दोऱ्याने दर दोन-तीन मण्यांमागे टाका घालून तो दाबायचा. जरदोजी पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल, तिथेही वरची तार नुसती दाबूनच धरतात. यामुळे रेषा हवी तशी वळते. मैदानी पद्धतीत सात-आठ मण्यांची पट्टी दोन्ही टोकांनाच टाचतात, म्हणून तिथे सगळं सरळ आणि कोनांचं, आणि प्रत्येक पट्टी मध्ये थोडी फुगलेली. कातड्यावर आणखी एक बारकावा: सुई आरपार जात नाही. कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच टाका घेऊन ती वर येते. जोड्याचं पातं उलटून भिंगातून पाहिलं तर मागे एकही दोरा दिसत नाही, नुसतं साफ कातडं. मागच्या बाजूला टाक्यांची जाळी दिसली की मी समजते, ही नंतरची दुरुस्ती किंवा घाईचा हात.

ही सगळी भूतकाळातली गोष्ट म्हणून लिहू नका, ही माझी आग्रहाची विनंती. लेनापे आज आहेत: ओक्लाहोमात डेलावेअर नेशन आणि डेलावेअर ट्राइब ऑफ इंडियन्स, विस्कॉन्सिनमध्ये स्टॉकब्रिज-मन्सी, कॅनडाच्या ओंटारिओत तीन समुदाय, आणि न्यू जर्सीत राज्याने मान्यता दिलेल्या जमातीही. ओक्लाहोमाच्या नोरा थॉम्पसन डीन, 1907 ते 1984, यांनी भाषेबरोबर कपडे-जोडे करायची रीतही जपली आणि शिकवली. जो बेकर हे डेलावेअर ट्राइबचे कलाकार आजही बँडोलियर पिशव्या करतात. 2022 मध्ये ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीच्या ग्रीनपॉइंट शाखेत त्यांनी जुन्या पिशव्या आणि नवीन पिसांचा अंगरखा मांडून प्रदर्शन लावलं होतं. मुलीला घेऊन न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, ईस्टर्न वुडलँड्सचं, म्हणजे पूर्वेकडच्या जंगलप्रदेशातल्या जमातींचं, दालन जानेवारी 2024 मध्ये बंद केलं गेलं. अशा वस्तू मांडायच्या तर संबंधित जमातींची संमती घ्या, असा नियम आला म्हणून. गैरसोय झाली खरी, पण मला तो नियम रास्त वाटतो.

घरचा नमुना. ड्रेस करू नका आणि मुलीला तो घालून उभंही करू नका. दुसऱ्याच्या पोशाखाचं सोंग आणि त्याच्या कारागिरीचा अभ्यास यांत फरक आहे, आणि शाळेतल्या बाईंनाही हाताने केलेला अभ्यास जास्त आवडेल. मोकॅसिनचं एक पातं करा, तळहाताएवढं. क्राफ्टच्या दुकानात ‘बकस्किन’ म्हणून मिळतं ते बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. कापलेली कड पाहा, आत निळसर-राखाडी झाक दिसेल, आणि एक बाजू गुळगुळीत असेल. मेंदूने कमावलेलं कातडं मिळतं, पण महाग. स्वस्तातला चांगला पर्याय गाड्यांच्या दुकानात आहे: गाडी पुसायचा खरा शॅमॉय. तो मेंढीच्या कातड्याचा, गुळगुळीत थर काढलेला, तेलाने कमावलेला, म्हणजे स्पर्शाला बराच जवळचा. कृत्रिम शॅमॉय नको, लेबल वाचून घ्या. मणी 10 किंवा 11 नंबरचे (नंबर वाढला की मणी लहान होतो), पांढरे आणि एक गडद निळा. मणीकामाची बारीक सुई, मेण लावलेला दोरा. एक वळणदार रेषा पेन्सिलने काढा आणि वर सांगितलेल्या दोन दोऱ्यांच्या टाक्याने भरा, मग कडेने पांढरे मणी. संग्रहालयातली नक्षी उचलू नका, मुलीला स्वतःची काढू दे. पहिली ओळ वाकडी येईल. दोरा फार ओढल्याने शॅमॉय गोळा होतं, तेवढं सांभाळा. आणि असं काही कधी विकायचं मनात आलं तर त्याला ‘लेनापे’ किंवा ‘नेटिव्ह’ म्हणू नका, 1990 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

आता आजींची पिशवी. पाण्याने दोरा फुगतो आणि जुना सुती दोरा सुकताना तुटतो, मणी एका दमात ओघळतात. लाल लोकरीचा रंग पांढऱ्या कडेवर उतरतो. कातडं असेल आणि धुरी विरलेली असेल तर ते कडक होतं. काही जुन्या काचा अशा बनलेल्या असतात की हवेतल्या दमटपणानेच त्या पाझरतात: मणी बोटाला चिकट लागतो किंवा त्यावर पांढरी पूड दिसते. तो पाझर खारट-क्षारीय असतो आणि खालचा दोरा खाऊन टाकतो. पितळी मणी किंवा घुंगूर असतील तर कातड्याच्या चरबीशी मिळून हिरवं मेण साठतं, ते खरवडायचा मोह होतो, तेव्हा हात मागे घ्या. चामड्याचं पॉलिश, खोबरेल, काही म्हणजे काही लावायचं नाही. आणि हातमोजे घाला: जुन्या संग्रहांमध्ये कसर लागू नये म्हणून आर्सेनिक चोळायची पद्धत होती, ते आजही तिथेच असतं.

पिशवी टांगू नका, मण्यांचं वजन पट्टा फाडतं. आडवी ठेवा, आत आम्लविरहित टिश्यूचा सैल गोळा, वरून धुतलेलं सुती कापड. प्लॅस्टिकची पिशवी नको, तळघर नको, माळाही नको. ती कुठून आली, कोणी दिली, हे आजींना विचारून आजच लिहून ठेवा. थडग्यातून किंवा विधीतून आलेली असेल असा जरा जरी संशय आला तर संबंधित जमातीच्या वारसा-जतन कार्यालयाला कळवा, डेलावेअर ट्राइब आणि डेलावेअर नेशन या दोघांचीही अशी कार्यालयं आहेत.

मग मला फोटो पाठवा. पुढून एक पुरेल. पट्ट्याच्या दोन्ही अर्ध्यांचे वेगवेगळे, आणि झडपेखाली न ओढता जेवढं दिसेल तेवढ्या मागच्या बाजूचे तीन-चार, तिरका उजेड पाडून.